हुकूम दाखवा! : मूलभूत हक्कांचा कायदा आणि जनतेचे डिजिटल हक्क

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय प्रजासत्ताकाला चार महिने पुरे होण्याआधीच सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांविषयीचा आपला पहिला मोठा निकाल दिला. तारीख होती १९ मे १९५०. अर्जदार होते मलबारच्या शेतकऱ्यांचे नेते कॉम्रेड ए. के. गोपालन. डिसेंबर १९४७ पासून, म्हणजे स्वातंत्र्याचे पहिले वर्ष उलटण्याच्याही आधीपासून, मद्रास सरकारने त्यांना या ना त्या हुकुमाखाली डांबून ठेवले होते. एक हुकूम न्यायालयात टिकत नाही असे दिसले की दुसरा काढला जाई. १ मार्च १९५० रोजी नव्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली आणखी एक हुकूम त्यांच्यावर बजावण्यात आला आणि गोपालन थेट दिल्लीच्या दरवाजाशी गेले.

त्या कायद्यात चौदावे कलम मोठे नामी होते. स्थानबद्धाला त्याच्या अटकेची कारणे कळवली जात. पण ती कारणे त्याने न्यायालयाला सांगणे हा गुन्हा ठरवलेला होता, आणि न्यायालयालाही ती विचारण्याची मनाई होती. न्यायमूर्तींनी कायदा उचलून धरला, गोपालन यांचा अर्ज फेटाळला, ते तुरुंगातच राहिले. मात्र हे चौदावे कलम तेवढे घटनाबाह्य म्हणून रद्द झाले. सरकार माणसाला डांबू शकते, परंतु का डांबले हे न्यायालयापासून लपवू शकत नाही : पराभवातून पदरात पडले ते एवढेच. ते थोडे नव्हते, हे पुढच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

आठवड्याभरातच, २६ मे १९५० रोजी, दुसरा निकाल आला. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास राज्यात प्रवेशबंदी करण्यात आली होती. त्याचे संपादक रोमेश थापर यांनी ती बंदी न्यायालयात उधळून लावली. सरकारने हा पराभव कसा पचवला? त्याने घटनाच बदलली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द घातले गेले. त्याबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अटही आली. हे दोन्ही शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत, कारण चौसष्ट वर्षांनी ते संगणकाच्या पडद्यावर पुन्हा समोरासमोर उभे राहणार आहेत.

गोपालन यांना निदान हुकुमाचा कागद हाती मिळाला होता. आज ज्याचा दूरध्वनी चोरून ऐकला जातो, ज्याचा मजकूर आंतरजालावरून उतरवला जातो, ज्याच्या बोटांचा ठसा यंत्र नाकारते, त्याच्या हाती कागद येतच नाही. तुरुंगाला निदान भिंती असतात आणि कैद्याला आपण कैदेत आहोत हे ठाऊक असते. डिजिटल युगातील पाळत ही ज्याच्यावर ठेवली जाते त्याला कधी कळू नये अशाच बेताने रचलेली असते. म्हणून मूलभूत हक्कांच्या कायद्याचा या क्षेत्रात उपयोग काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर गोपालन खटल्यातच आहे. हुकूम दाखवायला लावणे, हा तो उपयोग.

वाट मात्र सरळ नव्हती. १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींनी आणि १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात सहा न्यायमूर्तींनी असे लिहून ठेवले होते की खाजगीपणाचा हक्क घटनेत सांगितलेला नाही. खरक सिंगच्या घरी रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावण्याची पोलिसांची प्रथा न्यायालयाने बंद केली खरी, पण त्याच्या हालचालींवरची पाळत तशीच राहू दिली. न्या. सुब्बाराव यांनी त्याच वेळी बजावले होते की ज्याच्या पावलोपावली पोलीस आहे तो माणूस हिंडूफिरू शकत असला तरी स्वतंत्र नाही. पण हे मत अल्पमतात गेले.

गोपालन खटल्यात हक्कांचे जे सुटेसुटे कप्पे पाडले गेले होते ते मोडले कोणी? इतिहासाचा विनोद असा की ते काम १९७० साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध धावून गेलेल्या एका भागधारकाच्या खटल्याने केले! मालमत्तेच्या रक्षणासाठी घडवलेले हत्यार पुढे, १९७८ च्या मनेका गांधी निकालानंतर, कैद्यांच्या आणि वेठबिगारांच्या कामी आले. डाव्या चळवळीत मूलभूत हक्कांच्या कायद्याविषयी दीर्घकाळ संशय होता. जमीन सुधारणांचे कायदे याच प्रकरणाच्या आधाराने अडवले जात होते, तेव्हा तो संशय निराधारही नव्हता. पण १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क या प्रकरणातून गेला, आणि हत्याराची मूठ कोणाच्या हाती आहे हा प्रश्न नव्याने विचारण्याजोगा झाला.

दूरध्वनीचे प्रकरण १९९६ चे. तार कायदा होता १८८५ चा. परक्या राजवटीने बंडाच्या धास्तीने केलेल्या या कायद्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांच्या नावाखाली संदेश अडवण्याची मुभा होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दूरध्वनी चोरून ऐकणे हा जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि भाषणस्वातंत्र्य या दोन्ही हक्कांवरील आघात आहे. हुकूम गृहसचिवाचाच असावा, त्याची मुदत दोन महिने व एकूण सहा महिन्यांहून अधिक नसावी, एका समितीने तो तपासावा, असे नियम घालून दिले गेले. पण समितीत बसणार कोण? सचिवच. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी तेव्हाही मागितली गेली होती आणि तेव्हाही नाकारली गेली. १८८५ च्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियमही निघाले. तरी नोकरशहाने हुकूम काढायचा आणि नोकरशहांनीच तो तपासायचा, ही व्यवस्था कायम आहे.

मग आले आधार. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली, तेव्हा कोट्यवधी लोकांचे ठसे आणि डोळ्यांच्या प्रतिमा कसलाही संसदीय कायदा नसताना गोळा केल्या जात होत्या. २०१५ मध्ये सरकारने न्यायालयात जी भूमिका घेतली ती आपण काय बोलतो आहोत हे पुरते जाणून घेतलेली होती. १९५४ आणि १९६२ चे निकाल पुढे करून सरकारने सांगितले की भारतीय नागरिकाला खाजगीपणाचा मूलभूत हक्कच नाही. प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही जणांनी एकमताने सांगितले की हक्क आहे.

या खटल्यात दोन पिता-पुत्रांच्या जोड्या दिसतात. १९५० मध्ये गोपालन यांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते एम. के. नंबियार, २०१७ मध्ये सरकारतर्फे खाजगीपणाच्या हक्काला विरोध करणारे अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल हे त्यांचे चिरंजीव. आणि आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, स्थानबद्धाला न्यायालयात दादच मागता येणार नाही असा जो जबलपूर खटल्याचा निकाल झाला, त्याच्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते; २०१७ मध्ये तो निकाल स्पष्ट शब्दांत मोडीत काढणारे मत न्या. धनंजय चंद्रचूड या त्यांच्या पुत्राने लिहिले. व्यक्तींच्या घराण्यांवरून कायद्याचा इतिहास मोजू नये हे खरे. पण न्यायासनावरील विचार अचल नसतो, तो काळाच्या आणि जनमताच्या रेट्याने हलतो, याचा याहून ठळक दाखला शोधूनही सापडायचा नाही.

२०१७ च्या निकालाचा व्यावहारिक गाभा म्हणजे त्याने घालून दिलेली कसोटी. राज्यसंस्थेला माणसाच्या खाजगी जीवनात हात घालायचा असेल तर आधी तसा कायदा हवा. मग हेतू न्याय्य हवा. त्या हेतूसाठी जेवढे आवश्यक तेवढेच केलेले हवे. आणि गैरवापर रोखण्याची सोय हवी. ही भाषा वकिलांची आहे, पण तिच्यातला अर्थ कामगाराला सहज उमगेल असा आहे. नागपुरात महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधण्यात आली. कामगार कुठे उभा आहे, किती वेळ उभा आहे, हे कार्यालयात बसलेला मुकादम पाहू लागला. आता कसोटी लावावी. हे कोणत्या कायद्याखाली? हजेरी घेणे हा हेतू मान्य, पण त्यासाठी माणसाचे प्रत्येक पाऊल टिपण्याची गरज आहे काय? हजेरीपट आणि मुकादमाची सही पुरत नव्हती काय? टिपलेली माहिती किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, आणि यंत्राने चुकून गैरहजेरी मांडली तर कापलेला पगार कोणाकडे मागायचा? हे प्रश्न याचिकेत विचारता येतात तसे कामगार संघटनेच्या मागणीपत्रातही विचारता येतात. महापालिका ही राज्यसंस्थेचाच भाग असल्याने मूलभूत हक्क तिच्यावर थेट बंधनकारक आहेत. खाजगी कंपनीच्या गोदामातील कामगाराला किंवा घरोघर जिन्नस पोहोचवणाऱ्या पोऱ्याला हे कवच त्याच सुलभतेने मिळत नाही. तिथे संसदेचा कायदाच लागतो. ही या शस्त्राची मोठी मर्यादा आहे, आणि मक्तेदार कंपन्या तिच्या आडोशानेच वाढल्या आहेत.

अंगणवाडी सेविकांचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल सामुदायिकपणे परत केले. त्यांत ‘पोषण ट्रॅकर’ नीट चालत नव्हते आणि नोंद करायची भाषा इंग्रजी होती. हे फोन परत करणे कुठल्याही न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नव्हते. पुढे १ जुलै २०२५ पासून लाभार्थी मातेचा चेहरा यंत्राने ओळखल्याशिवाय घरी न्यायचा शिधा द्यायचा नाही, असा दंडक देशभर आला. चेहरा जुळला नाही तर उपाशी कोण राहते, आणि शिव्या कोण खाते, हे सेविकांना कोणी समजावून सांगायला नको.

आधारविषयीचा अंतिम निकाल २६ सप्टेंबर २०१८ चा. चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने बँकखाते आणि मोबाइल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, खाजगी कंपन्यांना आधार वापरण्याची दिलेली वाट बंद केली. परंतु रेशन, निवृत्तिवेतन, रोजगार हमी यांसाठी आधार कायम ठेवले. म्हणजे ज्याच्याकडे बँकखाते आणि मोबाइल आहे त्या मध्यमवर्गीयाला दिलासा मिळाला. रेशनच्या रांगेतील माणसाचा ठसा यंत्राच्याच मर्जीवर राहिला. ठसा जुळला नाही म्हणून कोणाला वंचित ठेवू नये या सरकारच्याच परिपत्रकावर न्यायालयाने भिस्त ठेवली. विटा वाहून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत त्यांच्यापर्यंत परिपत्रके पोहोचत नाहीत. कंपन्यांसाठी बंद झालेली वाटही पुढच्याच वर्षी, २०१९ च्या दुरुस्तीने, ‘ऐच्छिक’ या गोंडस शब्दाखाली पुन्हा उघडली गेली.

आता ते दोन शब्द. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. पोलिसांनी दोघींना पकडले. वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ होते : ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असा मजकूर पाठवण्यास तीन वर्षांपर्यंत कैद. दिल्लीच्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले. सरकारने बचावात पुढे केलेल्या ढालींपैकी एक होती तीच, ‘क्रॉस रोड्स’च्या निकालानंतर घटनेत घातलेली ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने विचारले की कोणाला तरी त्रास वाटणे आणि सुव्यवस्था बिघडणे यांचा संबंध काय? आणि ‘वाजवी’ या शब्दाने ‘सुव्यवस्थे’वर मात केली. ६६अ संपूर्ण रद्द झाले.

संपले काय? देशभरच्या ठाण्यांतून मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. पीपल्स युनियनला २०१९ मध्ये पुन्हा न्यायालयात जावे लागले. २०२१ मध्ये न्यायमूर्तींनी आश्चर्य व्यक्त केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे कलम रद्द होऊन साडेसात वर्षे झाल्यावर, त्याखाली कोणावरही खटला चालवू नये असा आदेश पुन्हा काढावा लागला! हवालदाराच्या टेबलावरील पुस्तकात कलम छापलेले होते. निकाल छापलेला नव्हता. ज्या गावात निकालाची प्रत घेऊन ठाण्यात जाणारा कोणी कार्यकर्ता नव्हता, त्या गावात घटनापीठांचे सारे पांडित्य वेशीबाहेरच राहिले.

त्याच २०१५ च्या निकालाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. ६६अ गेले, पण मजकूर अडवण्याचा अधिकार देणारे ६९अ टिकले, आणि त्याखालील २००९ च्या नियमांतील सोळावा नियमही टिकला. तक्रार, हुकूम, कारवाई हे सारे गुप्त ठेवावे, असे हा नियम सांगतो. १९५० मध्ये चौदाव्या कलमाची गुप्तता जे न्यायालय सहन करू शकले नाही, त्याच न्यायालयापुढून सोळावा नियम निसटून गेला. हुंडापद्धतीची टर उडवणारे एक संकेतस्थळ याच अधिकाराखाली बंद झाले होते. ते चालवणाऱ्याला बंदीच्या हुकुमाची प्रत आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाकडून मे २०२२ मध्ये आदेश मिळवावा लागला. एका विनोदाची ही कथा. शेतकरी आंदोलनाच्या किंवा काश्मीरच्या बातमीची काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

काश्मीरमध्ये तर ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्रीपासून सारी संपर्कव्यवस्थाच तोडण्यात आली. ‘काश्मीर टाइम्स’च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांनी याचिका केली तेव्हा सरकारने बंदीचे सर्व हुकूम न्यायालयापुढे ठेवलेच नाहीत, सांगितले काय, तर हुकूम फार आहेत. १० जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने ठणकावले की आंतरजालावरून बोलणे आणि धंदा करणे यांनाही घटनेचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि प्रत्येक हुकूम प्रसिद्ध केलाच पाहिजे. तत्त्व पुरते जिंकले. पण ज्या दिवशी हे तत्त्व जिंकले त्या दिवशी श्रीनगरमधला एकही दूरध्वनी त्यामुळे सुरू झाला नाही. न्यायालयाने प्रशासनालाच फेरविचार करायला सांगितले. मे २०२० मध्ये जलद सेवेची मागणी पुन्हा आली तेव्हाही प्रश्न सचिवांच्याच समितीकडे सोपवला गेला. जलद सेवा परत आली फेब्रुवारी २०२१ मध्ये, दीड वर्षाने. औषधांची मागणी नोंदवू न शकलेला दुकानदार, परीक्षेचा अर्ज न भरता आलेला विद्यार्थी यांना त्या दीड वर्षाची भरपाई कोणी दिली नाही.

पेगासस प्रकरणी ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की न्यायालयाने तोंड फिरवावे असे होणार नाही, असे स्पष्ट सांगितले गेले. तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, पाचांत काही घातक आज्ञावली सापडली, ती पेगासस असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितले. अहवाल मात्र मोहोरबंद राहिला.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल मात्र आवर्जून सांगण्याजोगे आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याने लाचप्रकरणातील एका उद्योजकाचा दूरध्वनी ऐकण्याचे गृहखात्याचे हुकूम रद्द केले आणि मिळवलेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्मावले. कारण त्यात ना आणीबाणी होती ना सार्वजनिक सुरक्षितता. हक्क उद्योजकाने मिळवला म्हणून कामगार नेत्याने तो वापरू नये असे नाही; बँकेच्या भागधारकाचा धडा इथेही लागू आहे. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, विनोदकार कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर, सरकारच्या कारभाराविषयी खरे काय आणि खोटे काय हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याची तरतूद त्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला होता. तिसऱ्याने पारडे झुकवले. एवढ्या अरुंद कडेवरून हे स्वातंत्र्य चालते.

आता शेवटची गोष्ट. २०१७ च्या निकालानंतर विदा संरक्षणाचा कायदा करणे सरकारला भाग पडले. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला. तो बदलत बदलत ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे सतरावे कलम केंद्र सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून मोकळे करू देते. आणि चव्वेचाळिसावे कलम हळूच माहिती अधिकाराच्या कायद्यात शिरते. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खाजगीपणावर अनाठायी आक्रमण होते, असे दाखवावे लागे. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. हे सारे गाळून माहिती व्यक्तिगत आहे एवढेच कारण पुरेसे करण्यात आले. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची आठव्या कलमातील दुसरी तरतूद शिल्लक आहे, पण तिचा निर्णय त्याच अधिकाऱ्याच्या हाती. कंत्राटदाराचे नाव, हजेरीपटावरील बोगस मजूर, कर्ज बुडवणाऱ्या बड्यांची यादी : हे सगळे आता ‘व्यक्तिगत’ म्हणता येते. जनतेने सरकारविरुद्ध मिळवलेला खाजगीपणाचा हक्क सरकारने जनतेविरुद्ध ढाल म्हणून उचलला आहे.

या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांच्याबरोबर कायद्याची कलमे अमलात येण्याचे वेळापत्रकही निघाले. नागरिकाची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांना बांधून घेणारी मुख्य कलमे अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची होती. माहिती अधिकारातील दुरुस्ती लागू झाली त्याच दिवशी.